मावा पाळणारे ठोंबरे

ठोंबऱ्यांना जगातली प्रत्येक कीड मावा वाटत असे. वालाच्या कोवळ्या शेंड्याला चिकटून बसतो तो मावा, याबद्दल आमचं दुमत नव्हतं. पण भाताच्या बुडाशी टुणटुणणारे तपकिरी तुडतुडे हाही मावाच, पान गुंडाळून आत बसलेली अळी हाही मावा, आणि खोडात शिरून गाभा खाणारा खोडकिडा म्हणजे 'आतला मावा'. मी नुकतीच शेतकीची पदवी घेऊन मुंबईहून कर्जतजवळच्या एका भात केंद्रावर नोकरीला लागले होते आणि कीड हाच माझा विषय होता. पहिल्या आठवड्यात मी हळू आवाजात त्यांची चूक सुधारून पाहिली. त्यांनी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि बांधावर जाऊन कामाच्या बायांना ओरडून सांगितलं, "अगं ए, या बायला माव्याची समदी नावं येतात! विंग्रजीत बी!"

त्यानंतर त्या बाया मला पाहिलं की हसायच्या. मी आधीच कमी बोलणारी. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी चारचौघांत तोंडातून निघताना अडखळायचं. ठोंबऱ्यांनी उरलंसुरलंही बंद केलं.

ते केंद्रावर शेतावरचे सहायक होते. साहेबांचं म्हणणं मजुरांना सांगायचं आणि मजुरांचं साहेबांना, हे त्यांचं काम. प्रत्यक्षात ते दोघांनाही स्वतःचंच म्हणणं सांगत. मी जन्मायच्या आधीपासून ते शेतकी खात्यात होते. त्या काळी किडीवर पावडर धुरळायची असे. पातळ फडक्याच्या पुरचुंडीत पावडर भरायची, ती काठीच्या टोकाला बांधायची आणि भातावरून झटकत चालायचं. नाकाला कापड बांधायचं ते मर्जी असेल तर. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी शेतं ठोंबऱ्यांनी अशी पायी धुरळली होती. पुढे पावडर जाऊन फवारणीची औषधं आली, तीही त्यांनी खांद्यावर पंप घेऊन गावोगाव पोचवली. आणि मग एका पावसाळ्यात त्यांचं औषधांशी बिनसलं.

कारण काही फार थोर नव्हतं. "औषधानं मावा मेला, त्याचं काय नाय गं," ते मला म्हणाले. "पण माजी चिंबोरी बी मेली. बांधाच्या बिळात हात घातला तं एक जित्ती निघंना. मंग खायचं काय, तुजी विंग्रजी नावं?"

शेतातल्या या खेकड्यांपायी, चिंबोऱ्यांपायी, ते राखेकडे वळले. भाताच्या गिरणीत तूस, म्हणजे साळीची टरफलं, जाळून जी काळी राख उरते ती रोपाच्या वाफ्यात मिसळायची. तिच्यात सिलिकॉन असतं. भाताचं रोप ते मुळांवाटे भरपूर ओढून घेतं, पानं आणि खोडं ताठ, खरखरीत होतात आणि किडीला ती सहजासहजी खाता येत नाहीत. हे ठोंबरे म्हणत आणि माझी पुस्तकंही म्हणत. ठोंबऱ्यांचं स्पष्टीकरण तेवढं निराळं होतं. "तुज्या भातात कोणी वाळू घातली तं तू जेवशील का? तसंच माव्याला."

गोष्ट इथवर थांबली असती तर मी त्यांच्या बाजूची झाले असते. पण ठोंबरे कुठेच थांबत नसत. ते राखेनं दात घासत. कारकुनाचे गुडघे दुखत म्हणून त्यांनी त्याला राखेचं पोटीस बांधायला लावलं आणि त्याच्या पायाला फोड आल्यावर, "आतली घाण बाहेर आली," म्हणून त्याचं अभिनंदन केलं. राखेची पोती कचेरीत, कारण कोठीत ओल. त्यामुळे टेबलावर राख, कपाटात राख, चहाच्या कपाच्या कडेला राख, माझ्या ओढणीवर त्यांच्या पाच बोटांची राख. एकदा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर मला काळा ठसा दिसला.

"हे कोणी केलं?"

"मी. बघत व्हतो, तुला त्यातून काय दिसतं ते."

"मग, काय दिसलं?"

"माजंच बोट."

ते यावर मनापासून हसले. मला अर्धा दिवस भिंग पुसत बसावं लागलं.

आमचे वानखेडे साहेब अमरावतीकडचे, कपाशीत वाढलेले, गेल्याच दिवाळीत बदलून आलेले. त्यांचा विश्वास औषधावर. ठोंबरे दर सकाळी त्यांच्या दारात उभे राहून विचारत, "साहेब, राखंचं काय करता?" आधीच्या साहेबांनीही हाच प्रश्न ऐकत दिवस काढले होते. ठोंबरे त्या वर्षी पावसाळ्यानंतर निवृत्त होणार होते. "जाता जाता त्यांची हौस पुरी करून टाकू, बाप्पा," असं म्हणून साहेबांनी राखेचा प्रयोग मांडला आणि देखरेखीला मला नेमलं. राखेनं फरक पडलेला दिसला तर केंद्राकडून शेतकऱ्यांना जो सल्ला जातो त्यात पुढच्या वर्षीपासून राख जाणार होती: आधी राख, आणि गरज पडली तरच औषध. नाही दिसला, तर हा विषय कायमचा मिटणार होता. ठोंबऱ्यांनी त्याचा अर्थ स्वतःपुरता असा लावला की ते जिंकलेच आहेत. कोंडाण्यापासून खोपोलीपर्यंत ज्याला त्याला त्यांनी सांगून टाकलं, "पुढल्या साली सरकार राख वाटनार हाय."

प्रयोग साधा होता. भाताचे चार भाग. एकात नुसती राख, एकात नुसतं औषध, एकात दोन्ही, आणि एकात काहीच नाही. हा शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"काहीच नाय म्हंजे?"

"राख नाही, औषध नाही. किडीनं खाल्लं तर खाऊ द्यायचं."

"खाऊ द्यायचं."

"हो."

"आन् आपुन बघत बसायचं."

"हो. त्याशिवाय बाकीच्यांशी तुलना कशाची करणार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणाचं पोर उपाशी ठेवायला सांगत होते. "ह्ये तुमाला फी भरून शिकवतात?"

राख आणायला आम्ही टेंपो घेऊन साजगावच्या पुढच्या एका गिरणीवर गेलो. गिरणीवाल्यानं पोती भरून तयार ठेवली होती. ठोंबऱ्यांनी एक पोतं सोडलं, आत हात घातला आणि मूठभर राख त्याच्या पायाशी टाकली. ती पांढरी होती. "ही मेलेली राख हाय."

"ठोंबरे, राखेत जित्तं काय असतं रं?" गिरणीवाला म्हणाला.

"काळी असंल तं जित्ती. तू जास्ती जाळलीस. खानावळीत भाकरी जाळतात तशी."

मग गिरणीवाल्याच्या आवारात बसून ठोंबऱ्यांनी स्वतः तूस धुमसवलं. तूस भडकून जळू द्यायचं नाही, आतल्या आत धुमसत ठेवायचं, म्हणजे राख काळी उरते. दुपार गेली, उन्हं कलली. टेंपोवाला सीटवर आडवा होऊन घोरत होता. मी त्याच्या शेजारच्या सीटवर उपाशी बसून धूर गिळत होते, आणि दर थोड्या वेळानं ठोंबरे काळं तोंड खिडकीत घालून सांगत, "आता झालीच." परतायला इतका उशीर झाला की माझ्या घरमालकीणबाई रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. काळी राख अधिक चांगली, हे खरं होतं. पण खरं असण्याचीसुद्धा काही पद्धत असते. ती ठोंबऱ्यांना कुणी शिकवली नव्हती.

त्यांची आणखी एक सवय होती. भाताचं खोड किती कडक झालंय ते ते दाढेखाली धरून बघत. बांधावरून चालता चालता एक खोड उपटायचं, चावायचं, कर्र असा आवाज आला की खूष व्हायचं. कोंडाण्याला शेतकऱ्यांना दाखवायला नेलेल्या पेंडीतली खोडं त्यांनी सगळ्यांना चावायला लावली होती. दहाबारा माणसं आणि एक पोलीसपाटील गंभीरपणे खोडं चावत उभे, आणि ठोंबरे प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकताहेत. मी झाडाआड जाऊन उभी राहिले होते.

भाद्रपदात एका सकाळी औषधाची फवारणी झाली. पंप धुऊन होतो न होतो तोच ठोंबरे औषधाच्या भागात शिरले, एक खोड उपटलं आणि तोंडाकडे नेलं. मी किंचाळले. किती मोठ्यानं, ते मला कळलं नाही, पण पलीकडच्या शेतातली बगळ्यांची रांग उडाली आणि साहेब कचेरीतून बाहेर आले. "टाका ते! टाका आधी! आत्ता फवारलंय त्यावर! अक्कल आहे का तुम्हाला?"

ठोंबऱ्यांनी खोड खाली टाकलं. ओशाळण्याचं नाव नाही. सगळीकडे वळून पाहत ते म्हणाले, "अरं, हिला आवाज हाय!"

त्या दिवसापासून ते मला घाबरतात असं ते सगळ्यांना सांगू लागले. वागण्यात काडीचा फरक नव्हता.

पीक पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा मला काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. राखेच्या भागात तुडतुडे कमी होते, ते ठीक. पण ज्यात काहीच घातलं नव्हतं त्या भागातही जवळजवळ तितकेच कमी होते. तिथलं भातही तसंच ताठ, तसंच खरखरीत. पानावरून बोट फिरवलं तर कापेल असं. पुन्हा पुन्हा पाहिलं तरी तेच. माझा संशय एकाच माणसावर होता.

"ठोंबरे, तुम्ही गुपचूप त्यात राख टाकलीत का?"

मी त्यांना प्रथमच दुखावलेलं पाहिलं. "या भाताची आन, चिमूटभर नाय टाकली. रोज त्याच्यापास्नं जातो, मान खाली घालून. पापी मानसासारखा. आन् तू मला चोर बोलतीस?"

ते खरं बोलत होते, हे मला कळलं. त्यामुळे कोडं आणखीच वाढलं.

ते सुटलं पीक पाहायला पाहुणे आले तेव्हा. त्यांच्यात एक वयस्कर तज्ज्ञ होते, मूळचे रोह्याकडचे. ते चारही भागांतून सावकाश हिंडले, बिनराखेच्या भागात जरा जास्त वेळ थांबले, वाकून पान चाचपलं आणि विचारलं, "रोपाची जागा कशी तयार केली होती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ठोंबरे पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "राब भाजून, साहेब. आपल्या कर्जतची रीत. वैशाखात चांगला हातभर थर देऊन भाजला. येक कोपरा सोडला नाय."

"चारही भागांच्या रोपांसाठी?"

"समद्या. भेदभाव नाय केला."

मला कुणीतरी पाण्यात ढकलल्यासारखं झालं. राब म्हणजे काय ते मला तोवर ऐकून माहीत झालं होतं: उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाला, गवत, पेंढा यांचे थर द्यायचे आणि ते भाजायचे. तण मरतं, रोप जोमात येतं. इथं राबाशिवाय भात कुणीच पेरत नाही. मी आले तेव्हा राब भाजून झाला होता. मी पाहिली ती काळी जमीन, आणि ती तशीच असते असं समजले. साहेब वैशाखात सुट्टीवर गावी होते, आणि त्यांचं तर गावच काळ्या मातीचं. काळी जमीन दिसली की त्यांना घरी आल्यासारखं वाटायचं.

"म्हणजे राख सगळीकडेच आहे," पाहुणे शांतपणे म्हणाले. "मग राखेशिवायचं भात कुठंय?"

"ह्ये काय," ठोंबऱ्यांनी बिनराखेच्या भागाकडे हात केला. "राब म्हंजे राख नाय, साहेब. राब म्हंजे राब."

"राबात जळतं काय?"

"शेण. पाला. गवात. पेंढा."

"पेंढा कशाचा?"

"भाता..." ठोंबरे म्हणाले आणि तिथेच थांबले. हात तसाच शेताकडे. 

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "इतक्या दिवसांत एकदा तरी सांगायचं होतं, की वाफे भाजलेत म्हणून!"

"अगं, त्यात सांगायचं काय?" ते कळवळून म्हणाले. "आंगन झाडलं, ते कोन पाव्हन्याला सांगतं का?"

साहेबांनी अहवालात खरं तेच लिहिलं: राखेमुळे वेगळा फरक आढळला नाही. औषधाचा सल्ला होता तसा राहिला. ठोंबऱ्यांच्या निरोपाला कचेरीत सगळे जमले, साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि लोक टाळ्या वाजवत असताना ठोंबऱ्यांनी साहेबांचा हात धरून ठेवला.

"आनखी येक साल मांडा, साहेब."

"अहो, तुम्ही आता निवृत्त झालात."

"राख नाय झाली."

साहेबांना हात सोडवून घ्यायचा होता. "असं करा," ते म्हणाले, "तुमच्या शेतात राब न भाजता रोप करा. एका तुकड्यात राख घाला, एकात काहीच नको. औषधही नको. कापणीपर्यंत हात लावायचा नाही. मी येऊन पाहीन. फरक दिसला तर पुन्हा मांडू."

बोलून साहेब सुटले. राब न भाजता रोप करणारा माणूस या तालुक्यात सापडणार नाही, हे तोवर त्यांनाही माहीत झालं होतं.

पुढच्या वैशाखात सगळ्या गावांवर राबाचा धूर होता, आणि ठोंबऱ्यांची रोपाची जागा तशीच उघडी पडली होती. भावकीतल्या एकानं रात्रीची काडी लावू का म्हणून विचारलं. कुणी म्हणालं, कचेरीतून सुटला तरी कचेरी डोक्यातून सुटत नाही. रोप आलं ते पिवळं, तणानं वेढलेलं. राधाकाकू, त्यांच्या बायको, पाणवठ्यावर सांगत, "दुसऱ्यांची मानसं म्हातारपनी शेळ्या पाळतात. आमच्यानं मावा पाळलाय."

ठोंबरे काकूंवरचा राग काढायला कचेरीत माझ्याकडे येत. आता ते पोती आणत नसत, नुसते खुर्चीत बसून माझ्यावर ओरडत. "तुज्या शाळंपायी! ते रोप माज्याकडं बघतं गं. आजाऱ्यावानी बघतं." मी म्हणे, मग त्यातही घाला राख आणि मोकळे व्हा. त्यावर ते ताडकन उठून, "तुला लाज नाय वाटत?" असं मलाच विचारून निघून जात. मी काय बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती, ते मला कधीच कळलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी त्यांच्या शेतावर गेले. साहेब सोमवारी येणार, हे सांगायला आणि पीक बघायला. लांबूनच नवराबायकोचं भांडण ऐकू आलं. राधाकाकूंनी शेजाऱ्याचा पंप औषध भरून आणला होता आणि ठोंबऱ्यांनी तो त्यांच्या हातून ओढून घेतला होता. ते शेताकडे पाठ करून बांधावर बसले होते.

"बाय, तूच बघ," ते म्हणाले. "मी नाय बघनार. मी बघितलं तं मारीन औषध."

मी आत उतरले. राखेचा तुकडा उभा होता. बिनराखेच्या तुकड्यात मधोमध एक गोल पिवळा डाग पडला होता, आणि बुडाशी तुडतुडे इतके की हात लावला की पाण्यावर शिंपडल्यासारखे उडत.

"लय हाय का गं मावा?" ठोंबऱ्यांनी वळून न बघता विचारलं.

"खूप आहे. मधलं करपत चाललंय."

"आन् राखंवाल्यात?"

"तुरळक."

आता ते उडी मारतील, आरडाओरडा करतील, कर्जतपर्यंत ऐकू जाईल असं काही बोलतील, म्हणून मी थांबले.  ते नुसतं म्हणाले, "बरं झालं."

"काय बरं झालं?" राधाकाकू कडाडल्या. "उभं भात मेलं, ते बरं झालं?"

"तू गप गं. बाय, सोमवारपर्यंत राहील का ते उभं? साहेबाला दिसंल इतकं तरी?"

"राहील," मी म्हणाले. "पण तुम्ही हात लावू नका."

"मी कुठं लावतोय?" ते माझ्यावर खेकसले. "तू जा आता. लवकर जा."

साहेब सोमवारी आले. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले आणि पुढच्या पावसाळ्यात केंद्रावर प्रयोग पुन्हा मांडला, या वेळी राब न भाजता. तेव्हा मी तिथे नव्हते. उन्हाळ्यातच माझी बदली झाली होती. त्यामुळे ठोंबरे आठवतात ते मी वळणावरून मागे पाहिलं तेव्हाचे: शेताकडे पाठ, भरलेला पंप दोन्ही गुडघ्यांत घट्ट दाबलेला, डोळे मिटलेले. आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राधाकाकू, मागे शेतात काय काय मरतंय ते त्यांना एकेक करून सांगत होत्या.